अठरा लिटरमधली उष्णता: छोटा, दमदार आणि शांत संगणक हवेवर कसा थंड ठेवावा

संगणकाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज अखेरीस उष्णता होऊन बाहेर पडते. त्या विजेवर गणिते सुटतात, चित्रे रंगतात, व्हिडिओ तयार होतात. पण काम आटोपल्यावर ऊर्जेचे दुसरे कोणतेही रूप शिल्लक राहत नाही. त्यामुळे प्लगमधून ४०० वॉट घेणारा संगणक खोलीत ४०० वॉटच उष्णता सोडतो, मग त्याचे कॅबिनेट केवढेही असो. कूलर कितीही महागडा घेतला तरी तो ही उष्णता नाहीशी करत नाही. प्रोसेसरच्या नखाएवढ्या तुकड्यावरून ती उचलायची आणि हवेच्या स्वाधीन करायची, एवढेच त्याचे काम आहे. मोठ्या टॉवर कॅबिनेटमध्ये हे काम ढिसाळपणे केले तरी निभावते. छोट्या कॅबिनेटमध्ये मात्र प्रत्येक वॉटचा आणि हवेच्या प्रत्येक वळणाचा हिशेब आवाजाच्या रूपाने आपल्यासमोर येतो. म्हणूनच या लेखाचे म्हणणे असे की शांत संगणकाची सुरुवात पंख्यांच्या खरेदीपासून करू नये. आधी किती वॉट टाळता येतील ते पाहावे, मग हवेची वाट ठरवावी आणि पंखे शेवटी निवडावेत.

छोटे कॅबिनेट म्हणजे किती छोटे, हे आधी पाहू. या क्षेत्रात आकार लिटरमध्ये मोजण्याची पद्धत आहे. नेहमीचा टॉवर चाळीस ते साठ लिटरचा असतो. व्हीआयए या तैवानी कंपनीने २००१ साली मिनी-आयटीएक्स हा मदरबोर्डचा, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीचा, आकार आणला. त्याची प्रत्येक बाजू १७० मिलिमीटर, म्हणजे एका वितीहूनही कमी. या मदरबोर्डाभोवती आज अनेक कॅबिनेटे बेतली जातात. कूलर मास्टर या कंपनीचे एनआर२०० सुमारे १८ लिटरचे आहे, फ्रॅक्टल डिझाइनचे टेरा १०.४ लिटरचे, आणि डॅन केसेसचे ए४-एसएफएक्स तर ७.२ लिटरचे. आकडे जवळजवळ वाटले तरी दहा लिटर आणि अठरा लिटर यांतला फरक शांततेच्या दृष्टीने फार मोठा आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

आता हवेचा हिशेब. ज्याचे ग्राफिक्स कार्ड २५० वॉटचे आणि प्रोसेसर ८८ वॉटपर्यंत जाणारा आहे, असा संगणक घेऊ. ही आजच्या मध्यम-वरच्या श्रेणीतली जोडी आहे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएसमधली (भिंतीतली वीज संगणकाजोगी करणाऱ्या भागातली) गळती धरली की भार सुमारे ४०० वॉटवर जातो. एक किलो हवेचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे १००५ ज्यूल लागतात आणि तीस अंशांच्या खोलीत एक घनमीटर हवा साधारण १.१६ किलो भरते. कॅबिनेटमधून बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा केवळ दहा अंशांनी गरम असावी असे ठरवले, तर सेकंदाला सुमारे ३४ लिटर हवा आतून वाहायला हवी. अठरा लिटरच्या कॅबिनेटमध्ये याचा अर्थ असा की आतली सगळी हवा दर सेकंदाला जवळजवळ दोनदा बदलली पाहिजे. आकार निम्मा केला म्हणून हवा निम्मी पुरत नाही. तेवढीच हवा अर्ध्या जागेतून, अधिक अरुंद फटींतून न्यावी लागते.

पंख्यांचे वागणे काही साध्या नियमांनी बांधलेले आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की त्यातून वाहणारी हवाही निम्मी होते, पण आवाज त्याहून कितीतरी अधिक उतरतो: स्थूलमानाने १५ डेसिबेल. दहा डेसिबेलची घट कानाला आवाज निम्मा झाल्यासारखी जाणवते, हे लक्षात घेतले तर ही सवलत किती मोठी आहे ते कळते. सारख्याच आवाजाचे दोन पंखे एकत्र चालवले तर आवाज केवळ तीन डेसिबेलने वाढतो. या दोन गोष्टी जोडून पाहा. पूर्ण वेगाने फिरणाऱ्या एका पंख्याऐवजी तसेच दोन पंखे निम्म्या वेगाने चालवले, तर हवा तेवढीच मिळते आणि आवाज सुमारे १२ डेसिबेलने कमी होतो. मोठे आणि संथ पंखे हवेत, असा सल्ला जो सगळीकडे दिला जातो, त्याच्यामागे हेच गणित आहे. १२० मिलिमीटरचा चांगला पंखा, उदाहरणार्थ नोक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा एनएफ-ए१२एक्स२५, २००० आरपीएमवर (मिनिटाला २००० फेऱ्यांवर) मोकळ्या हवेत तासाला १०२ घनमीटर, म्हणजे सेकंदाला २८ लिटर हवा हलवतो. १००० आरपीएमवर १४ लिटर.

या गणितात एक मेख आहे. पंख्याचा वेग निम्मा झाला की हवा ढकलण्याचा दाब निम्मा होत नाही, तो एकचतुर्थांश होतो. वर दिलेले २८ आणि १४ लिटरचे आकडे पंख्यापुढे काहीच अडथळा नसतानाचे आहेत. प्रत्यक्षात त्याच्यापुढे धुळीची जाळी, पत्र्यावरची छिद्रे, केबलींचा गुंता आणि हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, दाट पट्ट्या असतात. जोराने फिरणारा पंखा या सगळ्यांवर मात करतो, पण संथ पंखा त्यांच्यापुढे हतबल होतो आणि हवा जागच्या जागी घुटमळत राहते. संथ पंख्यांचा फायदा हवा असेल तर वाट आखूड, सरळ आणि मोकळी ठेवावीच लागते. आमनेसामने खिडक्या असलेल्या खोलीत साधी झुळूकही आरपार जाते, आणि एकच खिडकी असलेल्या खोलीत टेबलफॅन लावूनही कोंदट वाटते. कॅबिनेटमध्ये नेमके तेच घडते.

पण त्याआधी मुळात वॉटच कमी करता आले तर? माझ्या मते सगळ्यांत अधिक लाभ इथेच आहे आणि त्याला पैसेही पडत नाहीत. चिपमध्ये खर्च होणारी ऊर्जा तिच्या वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तोच ठेवून व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवता आले तर चालू भागांची उष्णता सुमारे १९ टक्क्यांनी घटते. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या लाखो चिपांपैकी सर्वांत कमकुवत चिपसुद्धा स्थिर चालावी, म्हणून उत्पादक सगळ्यांनाच थोडे जास्तीचे व्होल्टेज देतात. शिवाय तुलनेच्या तक्त्यात शेवटचे तीन-चार टक्के पदरात पाडण्यासाठी त्यांना अशा टोकाला नेऊन ठेवतात, जिथे वेगातली किंचित वाढ उष्णतेची मोठी किंमत मागते. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरला २५३ वॉटची मर्यादा होती. एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्सला २३० वॉट घेण्याची मुभा असून ९५ अंशांपर्यंत तापणे त्याच्या आराखड्यातच धरलेले आहे. याच ७९५०एक्सला बायोसमधल्या (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमधल्या) वीज वाचवणाऱ्या इको मोडने १४२ वॉटवर आणले तर बहुतेक कामांत थोडक्याच टक्क्यांची घट दिसते. ८८ वॉटवर आणले तर घट जाणवते, पण सोळा कोअरचा, म्हणजे सोळा गणनकेंद्रांचा, प्रोसेसर एखाद्या बुटक्या कूलरखालीही निवांत चालू शकतो.

छोट्या कॅबिनेटसाठी मुळातच कमी खाणारा प्रोसेसर निवडणे अधिक शहाणपणाचे. रायझन ७ ९७००एक्स हा ८८ वॉटच्या मर्यादेतच येतो. रायझन ७ ७८००एक्स३डी कागदावर १६२ वॉटचा असला तरी खेळांमध्ये सहसा ५० ते ८० वॉटच्या आसपास राहतो. एएमडीच्या प्रोसेसरांत कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय असते; तीत उणे दहा, उणे वीस असे आकडे भरून व्होल्टेज टप्प्याटप्प्याने खाली आणता येते. प्रत्येक टप्प्यानंतर तासभर जड काम देऊन आणि नंतर एखादा दिवस नेहमीचे हलके काम करून स्थिरता तपासावी लागते, कारण व्होल्टेज फार उतरवलेला प्रोसेसर बहुधा जड कामात तगून राहतो आणि संगणक निवांत असताना अचानक बंद पडतो.

ग्राफिक्स कार्डाबाबतही हेच, आणि तिथे बचत आणखी मोठी. २५० वॉटच्या कार्डाची मर्यादा ८० टक्क्यांवर, म्हणजे २०० वॉटवर आणली तर खेळातल्या फ्रेमी (सेकंदाला दिसणारी चित्रे) साधारणपणे काही टक्क्यांनीच घटतात. कोणत्या वेगाला किती व्होल्टेज द्यायचे ही रेघ हाताने बसवली तर तेवढीही घट राहत नाही. आता पुन्हा हिशेब करू. कार्ड २०० वॉट, खेळ चालू असताना प्रोसेसर ६० वॉट, इतर भाग आणि गळती मिळून ६५ वॉट: एकूण ४०० ऐवजी ३२५ वॉट. हवेची गरज जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटली, पंख्यांचा वेग तेवढाच उतरवता आला, आणि आवाज साडेचार डेसिबेलच्या आसपास खाली आला. यात कॅबिनेटचा एक स्क्रूही हललेला नाही.

आता कॅबिनेट आणि हवेची वाट. छोट्या कॅबिनेटांमध्ये मुख्यतः दोन रचना दिसतात. पहिली एनआर२००सारखी: मदरबोर्ड उभा, त्याच्या खालच्या बाजूला ग्राफिक्स कार्ड, पुढच्या बाजूला एसएमपीएस, तळाशी १२० मिलिमीटरच्या दोन पंख्यांची जागा आणि छतावर आणखी दोन. हवा तळातून येते, कार्डाला भेटते, प्रोसेसरच्या कूलरमधून जाते आणि वरून तसेच मागच्या ९२ मिलिमीटरच्या पंख्यातून निघून जाते. दुसरी रचना टेरा किंवा ए४-एसएफएक्ससारखी: मध्ये पत्र्याचा एक कणा, त्याच्या एका अंगाला मदरबोर्ड आणि दुसऱ्या अंगाला रायझर केबलने (कार्ड मदरबोर्डपासून दूर ठेवू देणाऱ्या पट्टीने) जोडलेले ग्राफिक्स कार्ड, पाठीला पाठ लावून. या दुसऱ्या रचनेत कार्डाचे पंखे थेट बाजूच्या जाळीला टेकतात आणि त्यांना बाहेरची ताजी हवा मिळते, हा तिचा मोठा गुण. प्रोसेसरच्या बाजूला मात्र जागा तुटपुंजी राहते. टेरामध्ये मधला कणा सरकवता येतो, त्यानुसार कूलरला ४८ ते ७७ मिलिमीटर उंची मिळते, आणि कूलरला जेवढे द्यावे तेवढे कार्डाच्या जाडीतून कापले जाते.

उंचीचे एवढे महत्त्व का, हे कूलरच्या आत डोकावले की कळते. कूलरच्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. त्यांच्या आत किंचितसे पाणी असते आणि जवळजवळ सगळी हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे ते पाणी शंभर अंशांच्या कितीतरी खालीच उकळते. प्रोसेसरजवळ त्याची वाफ होते, ती वाफ नळीच्या थंड टोकाकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून ते पाणी झिरपत मूळ जागी परत येते. भरीव तांब्याच्या कांबीपेक्षा अशी नळी उष्णता कितीतरी वेगाने वाहून नेते. पण टोकाला पोचलेली उष्णता हवेत सोडण्यासाठी शेवटी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे क्षेत्रफळच लागते, आणि क्षेत्रफळासाठी उंची. थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ केवळ ४७ मिलिमीटर उंच आहे. तो ६५-७० वॉट सौम्य आवाजात हाताळतो, मात्र त्यापुढे त्याच्या छोट्या पंख्याला धावावे लागते. नोक्टुआचा ७० मिलिमीटरचा एनएच-एल१२एस १२० मिलिमीटरचा पंखा बाळगतो आणि ८८ वॉटच्या प्रोसेसरला तो पुरेसा ठरतो. एनआर२००मध्ये मात्र १५५ मिलिमीटरपर्यंतचा टॉवर कूलर, म्हणजे उंच उभा कूलर, बसतो. सायथचा फुमा २ हा १५४.५ मिलिमीटर उंच आहे. बाजूचा पत्रा आणि कूलर यांच्यात अर्धा मिलिमीटर उरतो, तरी बसतो. शांततेला सर्वांत वरचे स्थान असेल तर मी सात-आठ लिटरच्या मोहात पडू नये असेच सुचवीन. अठरा लिटरमध्ये मिळणारा पूर्ण उंचीचा कूलर आणि १२० मिलिमीटरचे चार पंखे यांची भरपाई दहा लिटरमध्ये कोणत्याही किमतीला होत नाही. बॅगेत टाकून नेण्याजोगा संगणक हवा असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा वॉट आणखी उतरवण्याची तयारी ठेवावी.

बुटक्या कूलरवर समाधान मानावेच लागले, तर एक युक्ती हमखास उपयोगी पडते. कूलरचा पंखा आणि कॅबिनेटची जाळी यांच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटरची फट राहिली असेल, तर पंखा बाहेरची ताजी हवा घेण्याऐवजी आतलीच गरम हवा पुन्हापुन्हा ओढतो. ती फट फोमच्या चौकोनी कड्याने बंद केली की पंख्याला बाहेरचीच हवा घ्यावी लागते आणि प्रोसेसरचे तापमान कित्येकदा चार-पाच अंशांनी उतरते. मात्र पंखा जाळीला अगदी चिकटलेलाही नसावा. पात्यांच्या तोंडाशीच छिद्रांचा पत्रा आला की हवा फाटते आणि शिट्टीसारखा स्वर उमटतो. मध्ये पाच ते दहा मिलिमीटरचे अंतर ठेवले की तो बराचसा विरतो.

ग्राफिक्स कार्ड हा या घरातला सर्वांत तापट रहिवासी, आणि बहुतेक वेळा आवाजाचे खरे उगमस्थानही तेच असते. कार्डावरचे पंखे ८० ते १०० मिलिमीटरचे आणि पातळ असतात, त्यामुळे तेवढीच हवा हलवायला त्यांना अधिक वेगाने फिरावे लागते. कार्ड निवडताना मोठ्या हीटसिंकचे आणि कमी वॉटचे घ्यावे, आणि त्याच्या पंख्यांखाली किमान एका स्लॉटएवढी, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर, मोकळी जागा उरते का हे कॅबिनेटच्या मापांवरून आधीच ताडून पाहावे. एनआर२०० वापरणाऱ्यांमध्ये एक धाडसी उपायही रूढ आहे: कार्डावरचे प्लास्टिकचे आवरण आणि मूळ पंखे काढून टाकायचे, आणि कॅबिनेटच्या तळाचे १२० मिलिमीटरचे दोन जाड पंखे थेट कार्डाच्या हीटसिंकवर सोडायचे. बारीक पिनांची एक अडॅप्टर केबल वापरली की हे पंखे कार्डाच्याच तापमानानुसार फिरतात. आवाजातला फरक मोठा असतो. पण बहुतेक कंपन्यांची वॉरंटी यात धोक्यात येते, म्हणून महागड्या नव्या कार्डावर हा प्रयोग घाईने करू नये.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा पाण्यावर थंड होणारा कूलर का बसवू नये, असा प्रश्न इथे साहजिकच पडतो. पाणी उष्णता चांगली वाहून नेते हे खरे. पण वाहून नेलेली उष्णता रेडिएटरमध्ये पुन्हा हवेलाच द्यावी लागते, तिथेही पंखेच लागतात, आणि छोट्या कॅबिनेटमध्ये तो रेडिएटर नेमकी हवेच्या येण्याजाण्याची एक बाजू अडवतो. शिवाय पंपाचा स्वतःचा अखंड गुणगुणाट असतो, जो भार नसतानाही थांबत नाही. कारखान्यातून सीलबंद येणाऱ्या अशा कूलरमधले पाणी वर्षांगणिक रबरी नळ्यांतून सूक्ष्म प्रमाणात उडून जाते आणि पंप निकामी झाला तर सगळेच बदलावे लागते. हवेच्या कूलरमध्ये बिघडण्याजोगी एकच वस्तू असते, पंखा, आणि तो दहा मिनिटांत बदलता येतो. २५० वॉटचा प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण भाराखाली चालवणाऱ्यांसाठी पाण्याचा मार्ग रास्त आहे, पण तशांनी मुळात एवढे छोटे कॅबिनेट घ्यावेच का, हाही विचार व्हावा.

छोटा, दमदार, शांत आणि हवेवर थंड होणारा संगणक बनवण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न ॲपलचा होता. डिसेंबर २०१३मध्ये विक्रीस आलेला मॅक प्रो हा २५ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम १७ सेंटिमीटर व्यासाचा काळा दंडगोल होता. आत त्रिकोणी आकाराचा एकच मोठा हीटसिंक, त्याच्या एका बाजूला प्रोसेसर, दोन बाजूंना दोन ग्राफिक्स चिपा, आणि माथ्यावर एकच मोठा संथ पंखा, जो खालून हवा ओढून वर सोडत असे. हवेची वाट याहून सरळ असूच शकत नाही आणि ते यंत्र खरोखर शांत होते. पण तीन बाजूंनी जवळपास सारखीच उष्णता येईल असे गृहीत धरून तो आराखडा बांधलेला होता. पुढच्या वर्षांत ग्राफिक्स चिपा एकेकट्याच खूप अधिक वॉट मागू लागल्या, तेव्हा त्या त्रिकोणाला ते पेलता येईना, आणि उष्णतेच्या बाबतीत आपण स्वतःला कोपऱ्यात अडकवून घेतल्याची कबुली ॲपलच्या अधिकाऱ्यांनी २०१७ साली पत्रकारांपुढे दिली. स्वतः जोडणी करणाऱ्याला यातून एक व्यावहारिक गोष्ट घेता येते: पुढच्या खेपेला बदलले जाणारे कार्ड आजच्यापेक्षा पन्नास-शंभर वॉटने जड असू शकते, तेव्हा कॅबिनेट आणि एसएमपीएस निवडताना तेवढी मोकळीक ठेवावी.

एसएमपीएसबद्दल फार बोलण्याचे कारण नाही. छोट्या कॅबिनेटांत एसएफएक्स आकाराचा लागतो; त्याची रुंदी १२५, उंची ६३.५ आणि लांबी १०० मिलिमीटर असते. तीस मिलिमीटर अधिक लांबीचा एसएफएक्स-एल बसत असेल तर त्यात १२० मिलिमीटरचा पंखा येतो. क्षमता गरजेच्या दीडपट ते दुपटीच्या दरम्यान घेतली की तो निम्म्या-पाऊण भारावर चालतो, कमी तापतो, आणि चांगल्या मॉडेलांचा पंखा बराच वेळ बंदच राहतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातही एसएफएक्सची निवड साध्या एसएमपीएसच्या मानाने मर्यादित असते, म्हणून कॅबिनेट ठरवण्याआधीच त्याची चौकशी केलेली बरी.

आवाज किती आहे एवढेच डेसिबेलच्या आकड्याने कळते, तो कसा आहे हे कळत नाही. आणि त्रास बहुधा त्या दुसऱ्या गोष्टीचा होतो. एकसारखी मंद सळसळ कान पाच मिनिटांत विसरतो. चढ-उतार करणारा आवाज मात्र सतत लक्ष वेधून घेतो. एएमडीच्या आधुनिक प्रोसेसरांतला गणन करणारा एकेक तुकडा जेमतेम ७० चौरस मिलिमीटरचा असतो. एखादे पान उघडले की त्याचे तापमान क्षणार्धात वीस अंशांनी उसळते आणि तितक्याच झटकन खाली येते. कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरवायचा हा मदरबोर्डचा मूळ आलेख पंख्याला प्रत्येक उसळीमागे धावायला लावतो. खरे तर हीटसिंक तापायला मिनिटे लागतात, त्यामुळे या उसळ्यांकडे दुर्लक्ष केले तरी काही बिघडत नाही. बायोसमध्ये पंख्याचा प्रतिसाद काही सेकंदांनी लांबवण्याची सोय असते. ती वापरावी, साधारण ६५-७० अंशांपर्यंत आलेख जवळजवळ सपाट ठेवावा, आणि त्यापुढे हळूहळू चढवावा. कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाला बांधले तर आणखी चांगले, कारण आतली हवा मुख्यतः कार्डच तापवते. फॅन कंट्रोल नावाच्या विनामूल्य प्रोग्रामने हे सहज जमते.

दोन पंखे जवळजवळ सारख्याच वेगाने फिरत असतील तर आणखी एक विचित्र गोष्ट घडते. नऊ पात्यांचा पंखा ९०० आरपीएमने फिरताना सेकंदाला १३५ वेळा हवा कापतो. शेजारचा ९१० आरपीएमने फिरत असेल तर १३६.५ वेळा. या दोन स्वरांच्या मिलाफातून सेकंदाला दीड वेळा भरणारी आणि ओसरणारी लाट कानावर येते. दोघांच्या वेगांत पन्नासेक आरपीएमचे अंतर ठेवले की ही लाट मोडते. नोक्टुआने २०२४मध्ये आणलेल्या एनएच-डी१५ जी२ या कूलरचे दोन पंखे तर कारखान्यातूनच किंचित वेगळ्या वेगांचे येतात, ते याचसाठी. काही मिनी-आयटीएक्स मदरबोर्डांवर तीस-चाळीस मिलिमीटरचा एक इवलासा पंखा बसवलेला असतो. सगळे काही शांत केल्यावर त्याचीच चिरकी किणकिण उरते. असा मदरबोर्ड शक्यतो घेऊच नये.

आपल्याकडच्या हवामानाचा विचार परदेशी चाचण्या वाचताना सुटून जातो. हवेचा कूलर तापमान खोलीच्या खाली कधीच नेऊ शकत नाही. खोलीपेक्षा किती अंश वर, एवढेच तो ठरवतो. २२ अंशांच्या प्रयोगशाळेत ७० अंशांवर स्थिरावणारा प्रोसेसर मे महिन्यात नागपुरातल्या ३७ अंशांच्या खोलीत तेवढ्याच पंख्यांच्या वेगाला ८५ अंशांवर जाईल. ७८००एक्स३डीची मर्यादा ८९ अंशांची आहे, म्हणजे हातात चारच अंश उरतात. त्यामुळे परदेशी परीक्षणात एखादी जोडणी कशीबशी निभावलेली दिसली, तर विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात ती निभावणार नाही असे धरून चालावे, किंवा मार्च ते जूनसाठी कमी वॉटचे एक वेगळे प्रोफाइल साठवून ठेवावे. दुसऱ्या बाजूने एक सवलतही आहे. छताचा पंखा चालू असलेल्या खोलीत मंद गतीचे संगणकाचे पंखे ऐकूच येत नाहीत. खरी परीक्षा होते ती डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, छताचा पंखा बंद असताना. निवासी भागासाठी आपल्या कायद्याने रात्रीची मर्यादा ४५ डेसिबेल ठरवली आहे आणि जागतिक आरोग्य संघटना झोपण्याच्या खोलीत ३० डेसिबेलच्या आत राहायला सांगते. बसण्याच्या जागी त्या तिशीच्या आसपास राहणे हे चांगल्या जोडणीला अवघड नाही.

धूळ हा संथ पंख्यांचा कायमचा वैरी. कॅबिनेटमध्ये येणारी हवा जाणाऱ्यापेक्षा थोडी अधिक ठेवली, म्हणजे तळाचे पंखे वरच्यांपेक्षा किंचित वेगाने चालवले, तर फटींमधून हवा आत ओढली जात नाही आणि धूळ मुख्यतः जाळीवरच अडते. बारीक नायलॉनची जाळी हवेला अडथळा करते हे खरे, पण रस्त्यालगतच्या घरात ती काढून टाकण्याचा सल्ला मी देणार नाही; महिन्यातून एकदा ती नळाखाली धुऊन वाळवून लावणे अधिक सोपे.

जोडणी झाल्यावर ती बरी झाली की नाही हे पाहण्याची एक साधी चाचणी आहे. एखादा जड खेळ किंवा रेंडरिंगचे काम सलग अर्धा तास चालू ठेवावे, कारण हीटसिंक, पत्रा आणि आतली हवा यांचे तापमान स्थिरावायला तेवढा वेळ लागतो आणि पहिल्या पाच मिनिटांचे आकडे फसवे असतात. खोलीचे, प्रोसेसरचे आणि कार्डाचे तापमान, तसेच पंख्यांचे वेग टिपून ठेवावेत. मग पंख्यांचे वेग तेच राहतील अशी व्यवस्था करून कॅबिनेटची बाजू काढावी आणि आणखी पंधरा मिनिटे थांबावे. तापमान दोन-तीन अंशांनीच उतरले तर हवेची वाट ठीक आहे. यापुढे काही हवे असेल तर ते वॉट उतरवूनच मिळेल. सात-आठ अंशांनी उतरले तर हवा कुठेतरी अडते आहे: कार्डाखाली दाबलेली केबलींची जुडी, तळाच्या पंख्यांसमोर जमिनीपासून अपुरे अंतर, किंवा भिंतीला चिकटवलेली कॅबिनेटची पाठ, यांपैकी एखादे कारण बहुधा हाती लागते. आणि बाजू काढल्यावर तापमान उलट वाढले, तर बंद कॅबिनेटमध्ये हवा नेमक्या ठरवलेल्या वाटेने वाहत होती असे समजावे आणि पत्रा पुन्हा लावून टाकावा.